उपासाचा कांदा

स्तेफानियाबाईंच्या खाणावळीत बिडाचे दोन तवे होते. एक रोजचा आणि एक शुक्रवारचा. गुडघ्यांनी दगा दिला आणि सुनेच्या हाती चूल सोपवायची वेळ आली, तेव्हा म्हातारीने दोन्ही तवे तिच्यापुढे ठेवले.

"रेगिना, हा मांसाचा, हा उपासाचा. माझ्याशी भांडलीस तरी चालेल, पण या दोघांची सोयरीक लावू नकोस."

रेगिनाने मान डोलावली होती. त्यात अवघड काय होतं? शुक्रवारी मांस शिजत नसे. बटाटा आणि पांढरं चीज भरलेल्या, कडेला मुरड घातलेल्या पिएरोगी पाण्यात उकडायच्या, वर परतलेला कांदा घालायचा. मुरड तर रेगिनाची सासूपेक्षाही सुबक येई. पण सगळी चव कांद्यात असते, आणि तेलावरचा रेगिनाचा कांदा काही केल्या जमत नव्हता. पोलंडमधल्या सान नदीच्या पुलाजवळची ती लहानशी खाणावळ, सगळी गिऱ्हाइकं पिढीजात. ती तोंडावर बोलत.

"पिएरोगी छान आहेत हो, रेगिनाबाई," बसचा ड्रायव्हर क्लेमेन्स म्हणायचा. "पण म्हातारीच्या त्या म्हातारीच्या."

एका शुक्रवारी ऐन गर्दीत तेल संपलं. दुकान रस्त्यापलीकडेच होतं, पण चुलीपुढून हलायला सवड नव्हती. फळीवर मातीच्या बरणीत डुकराची चरबी होती, पांढरीशुभ्र, थिजलेली. रेगिनाने चमचाभर काढली. चरबी म्हणजे काही मांस नव्हे, तिने मनाशी म्हटलं. मांसाला दात लागतात. चरबी बिचारी आपली विरघळून जाते.

त्या दुपारी ताटल्या पावाने पुसून परत आल्या. "जमलं बघा!" क्लेमेन्स ओरडला. "आज म्हातारी उतरली हातात!"

त्यानंतर शुक्रवारचा तवा खिळ्यावरच राहिला. सासूला कळण्याचा प्रश्न नव्हता. मागच्या हिवाळ्यातल्या तापात तिचं नाक गेलं होतं. कोबी आणि गुलाब तिला सारखेच. ती खिडकीशी बसून बटाटे सोली आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खबर ठेवी.

थोड्याच दिवसांनी वालेंतीकाका दाराशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. लाकूड कापायच्या गिरणीत त्यांचा जन्म गेलेला. डाव्या हाताचं एक बोट तिथेच राहिलेलं. बायको गेनोवेफा गेल्यापासून ते रोज दुपारी इथेच जेवत.

"रेगिनाबाई, आजपासून मला मांस नको. कटलेट नको, सॉसेज नको, हाडांचं सूप नको. बिनमांसाचं काय असेल ते द्या."

"डॉक्टरांनी सांगितलं वाटतं?"

"हं," काका जरा घुटमळले. "डॉक्टरच म्हणायचा."

रेगिनाने ते काळजीने पाळलं. शुक्रवार सोडून एरवी इतरांच्या पिएरोगींवर ती कांद्याबरोबर तळलेल्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घाली. काकांच्या ताटलीतून एकेक तुकडा वेचून काढी. एखादा राहून गेला तर परत येऊन काट्याने उचली. कांदा मात्र त्याच तव्यातला. काका खाऊन तृप्त होत, राहिलेल्या पिएरोगी लेकासाठी डब्यात भरून नेत आणि म्हणत, "पथ्य असावं तर असं."

असं वर्ष उलटलं. फेब्रुवारीत वालेंतीकाकांचा नामदिवस, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा सण, आला. त्या दिवशी ते नवा शर्ट घालून आले, आणि बरोबर लेकाला घेऊन आले. लुत्सेकला गावात कोण ओळखत नव्हतं? खाटकाच्या दुकानात उत्तम कारागीर होता, पण दारूपायी नोकरी गेली, बायको गेली. पुलाखाली निजलेला कितीकांनी पाहिला होता. तोच आता दाढी करून, पावाच्या गाडीचा गणवेश घालून बापाच्या शेजारी बसला होता.

क्लेमेन्सने आपल्या ताटलीतला कटलेटचा तुकडा काट्याला टोचून उंच धरला. "काका, आज तुमचा सण. एक घास तरी घ्या. डॉक्टर काय बघायला येतोय?"

"वरचा डॉक्टर बघतो रे." काकांनी सुक्या फळांच्या सरबताचा पेला हातात घेतला आणि ते उभे राहिले. "आज सांगूनच टाकतो. हा आणि मी, आम्ही घरात देवमातेच्या, काळ्या माऊलीच्या तसबिरीसमोर शपथ घेतली. याने दारू सोडायची, मी मांस सोडायचं. याने बाटली उचलली की मी मांस खाणार. मी मांस खाल्लं की हा मोकळा. वर्ष होऊन गेलं. याच्या जिभेला दारूचा थेंब नाही. माझ्या जिभेला डुकराचा कण नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लेमेन्सने कटलेट खाली ठेवलं आणि नाक शिंकरलं.

रेगिना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात काकांची ताटली. कांदा सोनेरी, तुकतुकीत. ती ताटली फेकून द्यावी असं तिला वाटलं, पण सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि काका हसत हात पुढे करत होते. तिने ताटली ठेवली. काकांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. लुत्सेकनेही एक घास घेतला, चावता चावता थांबला, रेगिनाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून खाऊ लागला.

त्या दिवसापासून रेगिनाच्या घशाखाली घास उतरेना. नवरा जर्मनीत ट्रक चालवत होता. त्याला फोनवर सांगायला गेली तर तो हसला. "अगं, चमचाभर चरबी! म्हाताऱ्याला कळलं का? नाही ना? मग?" हे "मग" तिला झोपू देईना.

ती चर्चमध्ये गेली. पापाची कबुली ऐकायला जाळीपलीकडे फादर बसले होते. तिने सगळं सांगितलं.

"बाई, चर्चने चरबीला केव्हाच मोकळीक दिली आहे," फादर म्हणाले. "मांस वर्ज्य आहे, फोडणी नाही. यात पाप नाही."

"पण फादर, त्यांची शपथ जुन्या पद्धतीची आहे. डुकराचा कण नाही म्हणाले ते."

"त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनाही दोष नाही."

"आणि मला?"

"तुलाही माहीत नव्हतं."

"निदान प्रायश्चित्त तरी द्या काहीतरी."

"पापच नाही तर प्रायश्चित्त कशाचं देऊ? जा बाई, मागे रांग आहे."

रेगिना बाहेर आली. पाप नाही म्हटल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिला उलट वाटलं, की ओझं उतरवायला म्हणून गेलो आणि कोणी ते हातात धरायलाच तयार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शुक्रवारचा तवा खिळ्यावरून काढला. त्यावर तांबूस गंज चढला होता. ती राखेने घासत बसली. बटाटे सोलता सोलता सासूचे हात थांबले.

"तव्याला गंज?" स्तेफानियाबाई म्हणाल्या. "उपासाला बरीच सुट्टी होती म्हणायची."

रेगिना आणखी जोरात घासू लागली. म्हातारीने परत सोलायला घेतलं, पण सालं आता जाड जाड पडू लागली.

मग ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले, आणि काकांच्या ताटलीत तेलावरचा कांदा आला. पहिल्या दिवशी त्यांनी दोन घास खाऊन काटा ठेवला.

"रेगिनाबाई, तुम्हाला बरं नाही का?"

"बरी आहे की."

"मग हाताला काय झालं?"

"उपास सगळ्यांनी धरलाय," क्लेमेन्स म्हणाला, "पण पिएरोगींनी का धरलाय?"

काका अर्धी ताटली टाकू लागले. हळूहळू त्यांचा कोट अंगावर लोंबू लागला. तेल बदलून पाहिलं, कांदा बारीक चिरून पाहिला, चिमूटभर साखर घातली. काही उपयोग नाही. उपासाचा वार नव्हता अशा एका दुपारी शेजारच्या टेबलावर क्लेमेन्सचं कटलेट आलं आणि काकांची मान आपोआप तिकडे वळली. नाकपुड्या फुलल्या.

"क्लेमेन्स, ताटली जरा इकडे सरकव. वास तरी घेऊ दे."

"घ्या, वासाचे पैसे नाही मागत."

काका ओशाळले. रेगिना पाणी द्यायला गेली, तेव्हा हळूच म्हणाले, "वर्षभर सोपं गेलं हो. का ते कळत नाही, पण मांसाची आठवणच व्हायची नाही. आता झोपेत सॉसेज दिसतं. काल खाटकाच्या दुकानासमोर उभा राहिलो होतो. हा हात दाराच्या कडीवर होता." त्यांनी चार बोटांचा हात तिला दाखवला. "मी मोडलो की तो मोडला."

वर्षभर ते सोपं का गेलं, हे त्या गावात रेगिनाइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांचं व्रत तिच्या चरबीवर उभं होतं. चरबी काढली, तसं ते डुगडुगायला लागलं होतं. खरं वागावं तर दोन माणसं पडतात. खोटं वागावं तर उभी राहतात. तिने रात्रभर विचार केला, आणि शुक्रवारी, फक्त काकांच्या वाट्याचा कांदा, फळीवरची बरणी उघडून परतला. या वेळी तेल संपलं नव्हतं. तेलाची भरलेली बाटली तिच्या डोळ्यांसमोर होती.

काकांनी घास घेतला. त्यांचा चेहरा उजळला. "आली," ते म्हणाले. "आमची गेनोवेफा आली परत." त्यांनी ताटली पावाने पुसून काढली. मग उठून, जुन्या माणसांच्या रीतीने, रेगिनाचा हात हातात घेतला आणि वाकून त्याला ओठ लावले.

हाताला चरबीचा वास होता. रेगिनाने हात मागे ओढला आणि एप्रनमध्ये लपवला. संध्याकाळपर्यंत तिने तो कितीदा धुतला, पण ओठ टेकले होते ती जागा भाजल्यासारखी राहिली.

सकाळी पावाची गाडी मागच्या दाराशी लागली. लुत्सेकने पावांचा क्रेट आत ठेवला.

"लुत्सेक, थांब. तुझ्याशी बोलायचंय."

"चरबीचं ना?" तो म्हणाला.

रेगिनाने आतलं दार लोटून घेतलं.

"रेगिनाताई, माझी अर्धी जवानी खाटकाच्या दुकानात गेली. झोपेत नाकाखाली धरलीत तरी ओळखेन. बाबा डबा घेऊन आले ना पहिल्या आठवड्यात, तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने हातमोजे काढले, परत घातले. "खरं सांगू? आनंद झाला. म्हटलं, म्हाताऱ्याने खाल्लं, आता मी मोकळा. तसाच उठलो आणि दारूच्या दुकानापर्यंत गेलो. दारात उभा राहून म्हटलं, घाई काय आहे? कारण खिशात आहे, केव्हाही काढता येईल. उद्या घेऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं उद्या." तो कसनुसा हसला. "अजून तेच चाललंय."

"मी त्यांना सांगणार आहे. पण तुला विचारल्याशिवाय नाही. मी सांगितलं आणि तू पडलास तर..."

"सांगितलंत तर माझा खिसा रिकामा होणार," लुत्सेक म्हणाला. गाडीचं इंजिन चालूच होतं. तो जाऊन ते बंद करून आला. "सांगा. जड झालाय खिसा."

दुपारी गर्दी ओसरल्यावर रेगिना काकांच्या समोर बसली. गिऱ्हाइकाच्या टेबलाशी ती कधी बसत नसे. काकांनी काटा खाली ठेवला.

"काका, तुम्ही वर्षभर इथे जो कांदा खाल्लात, तो चरबीत परतलेला होता."

काकांना आधी समजलंच नाही. "कसल्या चरबीत?"

"डुकराच्या."

"किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं डॉक्टरांचं पथ्य आहे. वरचे तुकडे तेवढे काढत होते. चरबीला मी मांस धरलंच नाही."

"नामदिवसाला मी उभा राहून बोललो तेव्हाही?"

"ताटली माझ्या हातातच होती."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणून सोपं गेलं," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळले. "पण मध्ये तुम्ही बदललंत ना? तो बेचव कांदा तेलाचा होता?"

"हो."

"मग कालचा?"

रेगिनाला वाटलं होतं, हा प्रश्न निसटून जाईल. "काल मी मुद्दाम घातली. सगळं ठाऊक असून. तुम्ही मोडू नये म्हणून."

"मोडू नये म्हणून मोडलंत." काकांचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "आधीचं जाऊ द्या, रेगिनाबाई. चूक कोणाच्याही हातून होते. पण काल मी तुमच्या हाताला ओठ लावले, आणि तुम्ही लावू दिलेत."

त्यांनी टोपी घेतली आणि ते निघून गेले. दार हळूच ओढून घेतलं.

"गेला?" खिडकीशी बसलेली सासू म्हणाली.

"गेले, आई."

"लावलीस ना शेवटी सोयरीक." म्हातारीने सुरी पुसली. "आता सासुरवासही तूच भोग."

पुढच्या दिवसांत काकांची खुर्ची रिकामी राहिली. कोणी तिथे बसू लागलं की रेगिना म्हणे, "तिकडे बसा, इथे वारा लागतो." सकाळी लुत्सेक पाव आणी. रेगिना क्रेट घ्यायच्या निमित्ताने त्याच्या तोंडाजवळ जाई. एकदा त्याने ते ओळखलं.

"वास घेताय? घ्या." त्याने तिच्या तोंडावर श्वास सोडला. कांद्याचा आणि सिगारेटचा वास. "उद्या घेऊ म्हटलंय."

रेगिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा कसे आहेत?"

"उकडलेला बटाटा खातात, मिठाशी. बोलत नाहीत. मी माझ्या खिशाचं त्यांना सांगितलं. तेव्हा रडले. पण बोलले नाहीत."

पुढच्या शुक्रवारी, जेवणाच्या वेळेला, वालेंतीकाका आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"जवसाचं तेल आहे. माझा मावसभाऊ घाण्यावर काढतो. तळू नका. पिएरोगी उकडा आणि हे वरून कच्चं ओता. कांदाही कच्चाच. आमची आई उपासाला असंच द्यायची."

"काका, हे कडू लागतं."

"मला शिकवू नका. दोन ताटल्या आणा."

"लुत्सेक येतोय?"

"तो पाव वाटतोय. दुसरी तुमची."

रेगिनाने दोन ताटल्या आणल्या आणि एप्रन न काढता समोर बसली. तेल पिवळंजर्द होतं. त्याला खिडकीच्या काचेला लावतात त्या पुट्टीसारखा वास येत होता. तिने घास घेतला. कडवटपणा जिभेवरून घशात उतरला आणि तिथेच बसला. काकांनीही घास घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं, पण ते चावत राहिले.

"आज माझा पहिला दिवस," ते म्हणाले.

"आणि लुत्सेकचा?"

"त्याचे दिवस त्याच्यापाशी आहेत. ते खरे होते. खोटे निघाले ते माझेच."

रेगिनाने काटा खाली ठेवला. तिला माफी मागायची होती. शब्द आठवडाभर जुळवून ठेवले होते. पण काकांनी आपल्या काट्याने तिच्या ताटलीच्या कडेवर टक् टक् केलं.

"खा. गार झालं की आणखी कडू लागतं."

तेवढ्यात क्लेमेन्स हातावर हात चोळत आत आला. "वा! मालकीणबाई गिऱ्हाइकाबरोबर जेवतायत! काय खास आहे ते? मलाही द्या एक ताटली."

"तू काय केलंस?" काकांनी विचारलं.

"मी? मी कुठं काय केलं?"

"मग तुला हे मिळायचं नाही. तू आपल्या नेहमीच्या पिएरोगी माग."

"आणते हं," म्हणत रेगिना उठू लागली. चुलीकडे जायला मिळतंय म्हणून तिला सुटल्यासारखं झालं होतं.

"आधी ताटली," काका तिच्याकडे न बघता म्हणाले.

ती परत बसली. ताटलीत अजून अर्ध्याहून जास्त पिएरोगी होत्या. खिडकीशी म्हातारीने बटाट्याची बादली बाजूला सारली, भिंतीचा आधार घेत घेत चुलीशी गेली, आणि क्लेमेन्ससाठी कांदा परतायला शुक्रवारचा तवा स्वतःच चुलीवर ठेवला. रेगिनाने पुढचा घास तोंडात घातला.